खोक्यावर नसलेला बैल

श्रावण संपत आला की सौंसरात कपडे वाळत नाहीत. दोरीवरचा सदरा तिसऱ्या दिवशी काढला तरी बगलेत ओलाच लागतो. काडेपेटीची काडी चौथ्या घासणीला पेटते. शाळेत शिकवायचो तेव्हा या दिवसांत खडू फळ्यावर उमटायचा नाही, नुसता घसरायचा, आणि मागच्या बाकावरची पोरं त्याचं श्रेय माझ्या अक्षराला द्यायची. कपाशीला पात्या लागलेल्या असतात, बागांमधली संत्री हिरवीगार आणि लिंबाएवढी असतात, बाजारात बेगड, घुंगरं आणि रंगीत गोंडे टांगलेले असतात. पोळ्याचे दिवस. माणसांना हा मोसम फार आवडतो. मला आवडत नाही, आणि हे मी आता लपवतही नाही.

परवा गजू आला होता. आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळाचा तो आता अध्यक्ष आहे; पोट सुटलंय, डोक्यावरचं विरळ झालंय, पण माझ्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो, कारण सातवी-आठवीत त्याने माझ्याकडे गणित शिकण्याचा प्रयत्न केला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून होतात आणि मग पोरं आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली रांगेत उभी राहतात. सर्वांत चांगल्या बैलाला बक्षीस. तर यंदा परीक्षक म्हणून तुम्हीच या, असं गजूचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो. त्याने आग्रह केला, आणि आग्रहात ते वाक्य आलंच.

"तुमच्यासारका परीक्षक या गावात झाला नाही सर. पोटच्या पोरीले शून्य देल्लं तुम्ही, भर पोळ्यात."

हे माझं गावातलं प्रमाणपत्र आहे. तेहतीस वर्षं शिकवलं, किती पोरांना पाढे पाठ करवले, त्यातलं कोणाला काही आठवत नाही. हे आठवतं. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना सांगतात, निवृत्तीच्या समारंभात शाल घालतानाही सांगितलं. लोक टाळ्या वाजवतात आणि मी हात जोडतो. मला वाटतं, माणसाला त्याच्या वाईट कामाबद्दल शिव्या मिळाव्यात, म्हणजे ते काम कधीतरी जुनं होतं. शाल मिळाली की ते दरवर्षी नवं होतं.

मी चहा पुढे केला, गजूने तो प्यायला. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला की, त्या वर्षी पहिला नंबर त्याचा आला होता, हे मला आठवतं का. आठवत होतं. आजोबांच्या वेळचा सागवानी बैल होता त्याचा, पितळी डोळ्यांचा.

"पन खरा बैल तिचा होता सर," तो म्हणाला. "म्या पाह्यला ना. मी तिच्या बाजूलेच उभा होतो."

तो गेला आणि मी कपाट उघडलं. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला केले की मागे एक पुठ्ठ्याचं खोकं आहे. त्याचा एक कोपरा पावसाने फुगलेला आहे, तो सोळा वर्षांत वाळून कडक झालाय. आत माझ्या मुलीचा, ऋतुजाचा, रोबोट आहे.

परीक्षकाची सवय जात नाही, म्हणून रीतसर सांगतो. उंची वीतभर. रंग निळा आणि पिवळा; पिवळा उन्हाने फिका पडलाय, निळा अजून चांगला आहे. खोक्यावर तीन चित्रं आहेत आणि तीन आकडे: एक माणूस, दोन ट्रक, तीन विमान. माणूस म्हणून तो चांगला उभा राहतो. खांदे फिरतात, कोपर वाकतं, मान मात्र वळत नाही. समोर जे आहे तेवढंच त्याला दिसतं. डावा गुडघा सैल आहे, पण टाच नीट टेकवली तर पडत नाही. ट्रक उत्तम. पाय मागे दुमडायचे, हात छातीत ढकलायचे, पाठीवरचं झाकण डोक्यावर आणायचं, टक असा आवाज झाला की झालं. चारी चाकं फिरतात. विमान नावापुरतं आहे. ट्रकाची दारं उघडून पसरली की त्यांना पंख म्हणायचं, खाली माणसाचे पाय तसेच लोंबतात. खोक्यावरच्या चित्रात पाय दाखवलेले नाहीत. एकूण वस्तू दहापैकी सात. प्लास्टिक मजबूत, सांधे प्रामाणिक, विमानाच्या बाबतीत खोकं खोटं बोलतं.

एवढं बारकाईने मी त्याच्याकडे त्या दिवशी पाहिलं असतं तर मला हे लिहायला बसावं लागलं नसतं.

ऋतुजा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्याकडे आधी एक लाकडी बैल होता, मोहगावच्या तिच्या आजोळहून आलेला. त्या वर्षी पावसाळ्यात तो पलंगाखालून काढला तर मागचे दोन पाय हातात आले. वाळवी. पोटातून भुसा सांडत होता. ती रडली नाही, भुसा झाडूने गोळा केला आणि मला म्हणाली, बाबा, नवा लागन. मी म्हणालो, बघू. लोधीखेड्याला एक सुतार होते, फार सुरेख बैल करत. शनिवारी जाऊ, म्हणालो. त्या शनिवारी चाचणीचे पेपर तपासायचे होते. पुढच्या शनिवारी पावसाची झड लागली होती. त्याच्या पुढच्या शनिवारचं कारण मला आठवत नाही, म्हणजे कारण नसावंच. "बघू" हा शब्द बापांनी फार वापरून गुळगुळीत केलेला आहे.

रोबोट तिच्या मामाने दिला होता. मामा नागपूरला नोकरीला, राखीला आला तेव्हा घेऊन आला. मुलीला कशाला असलं, असं मी म्हणालो होतो, हेही लिहून टाकतो. पोळ्याला आठ दिवस राहिले तेव्हा मी ओशाळून बैलाचा विषय काढला, तर ती म्हणाली, "राहू द्या बाबा. मी करून राहिलो." आमच्याकडे मुलीही अशाच बोलतात, राहिलो, गेलो, आलो. काय करून राहिली, असं विचारलं तर म्हणाली, तिथंच पाहा.

त्या आठ दिवसांचा आवाज माझ्या कानात आहे. बाहेर कौलांवर एकसारखी झड, आत चुलीवर आंबाडीच्या भाजीचा आंबूस वास, दमट लाकडाचा धूर, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिचं टक, टक, टक. मध्येच थांबायचं. मग उलट क्रमाने टक, टक, टक. मी बाहेरच्या खोलीत लाल शाई घेऊन बसलेला असायचो. एकदा ओरडलो, मोडून ठेवशील तो, महागाचा आहे. आवाज बंद झाला. थोड्या वेळाने ओढणीत गुंडाळून सुरू झाला असावा, कारण टक ऐवजी ठप ऐकू येऊ लागलं. माझी बायको, शोभा, भाकरी थापता थापता हसत होती. तिला सगळं ठाऊक होतं. मला वाटलं, मायलेकींचं काहीतरी चाललंय. त्या हसण्याकडेही मी नीट पाहिलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात. पिढ्यान्‌पिढ्यांची चाल आहे. आम्ही सौंसरवाले त्या दिवशी स्वतःला जरा शहाणे समजतो. आम्ही दगड मारत नाही, आम्ही पोरांना गुण देतो.

त्या वर्षी परीक्षक होण्यामागे एक भानगड होती. आदल्या वर्षीच्या परीक्षकांनी पहिला नंबर स्वतःच्या भाच्याला दिला होता आणि त्यावरून मोहल्ल्यात महिनाभर तोंडं फिरलेली होती. छोटं गाव, सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात, निःपक्ष माणूस आणायचा कुठून? मंडळ माझ्याकडे आलं. सर अर्धा गुणसुद्धा सोडत नाहीत, अशी माझी ख्याती होती आणि मला ती आवडत होती. ऋतुजाला मी म्हणालो, तू यंदा भाग घेऊ नको, लोक बोलतील. ती म्हणाली, "मंग लोकांसाठी मी बैल घरात ठेवू का?" मी तिचं नाव यादीत घातलं. पण घरातून निघतानाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तिला नंबर द्यायचा नाही. बैल पाहण्याच्या आधी. परीक्षक म्हणून माझा पहिला गुन्हा तो, आणि बाप म्हणूनही.

पाऊस थांबून थांबून येत होता. तोरण आंब्याच्या पानांचं, ओलं होऊन लोंबत होतं. दारोदारी पळसाच्या फांद्या खोचलेल्या, चिखलात बेगडाचे तुकडे चिकटलेले. रांगेत तीस-पस्तीस पोरं, कोणी धोतर नेसलेली, कोणी मिशा काढलेली. लाकडी बैलांच्या पाठीवर आईच्या ब्लाऊजपिसाच्या झुली. सजावटीला दहा गुण, पोशाखाला दहा, झडतीला दहा. झडती म्हणजे पोळ्यात बैलापुढे म्हणायचं तालातलं चार ओळींचं गाणं, शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं. माझ्या एका हातात कागद, दुसऱ्या हातात माइक, कारण प्रत्येकाचे गुण तिथल्या तिथे जाहीर करायचे, म्हणजे मागून कोणी बोलायला नको, ही माझीच अट होती. माइक हातात आला की मला विनोद सुचतात. लोक हसत होते. एका बैलाच्या शेपटीवर, एका पोराच्या फेट्यावर मी काही काही बोललो, आणि ते जमत गेलं.

ऋतुजा गजूच्या अलीकडे उभी होती, हिरव्या नऊवारीत, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून. पायाशी खोकं. मी तिच्यापर्यंत आलो तेव्हा तिने खोक्यातून रोबोट काढला. माणूस. तोरणाखाली तीस-पस्तीस बैल आणि मधे एक निळा-पिवळा माणूस. लोक माझ्या बोलण्याआधीच हसायला लागले.

"थांबा बाबा, हा बैल बी होते," ती म्हणाली. "करून दाखवतो."

आणि ती खाली बसून करायला लागली. हात ओले होते, बोटं घसरत होती. छातीचं झाकण उघडलं, एक पाय दुमडला. मी उभा होतो. लोक बघत होते की सर आता स्वतःच्या मुलीला किती वेळ देतात. इतर पोरांना मी अर्धं-अर्धं मिनिट दिलं होतं. ते अर्धं मिनिट मला कानात मोजता येत होतं. कागद बगलेत धरून मी वाकून तिचं खोकं उचललं आणि माइकवर वाचलं.

"खोक्यावर तीन रूपं छापली आहेत. माणूस, ट्रक, विमान. बैल छापलेला नाही. आता हा औताला जुंपायचा का याच्यात डिझेल भरायचं? तीसपैकी शून्य."

काय हशा झाला. टाळ्याही झाल्या, आणि त्या विनोदासाठी नव्हत्या, न्यायासाठी होत्या. हे मला त्याच क्षणी कळलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. मी पुढे सरकलो. गजूच्या सागवानी बैलाकडे पाहायला लागलो, पितळी डोळे, जुनं कोरीव वशिंड, काहीतरी लिहीत होतो. तेव्हा माझ्या पाठीमागून आवाज आला. हशा नव्हता तो. दहाबारा पोरांच्या तोंडून एकदम निघालेला "ओहोऽऽ" होता. गजूने माझ्याकडे पाहायचं सोडून माझ्या मागे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

मी वळून पाहिलं नाही. गुण दिल्यावर परीक्षकाने मागे पाहायचं नसतं, असं मला वाटलं. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तो मी जागच्या जागी केला आणि पाळला.

रांग संपवून मी परत आलो तोवर रोबोट खोक्यात गेला होता. माणूस होऊन, हात अंगाशी, नीट. तान्हा पोळा सुटला की पोरं बैल घेऊन घरोघरी जातात, बाया ओवाळतात, खाऊ हातावर ठेवतात, बोजारा म्हणतात त्याला. ती गेली नाही. घरी येऊन नऊवारी घडी करून ठेवली, पुरणपोळी जेवली, कढी मागून घेतली. मी समजूत घालायला गेलो की बाळा, माझाही नाइलाज होता, लोक काय म्हणाले असते. ती म्हणाली, हो बाबा. एवढंच. शोभा मला दारात म्हणाली, "तुमी दोन मिंटं थांबले असते तं का झालं असतं?" मी तिला निःपक्षपणा समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि भांडी घासायला बसली.

एखाद्या मुलीने यावर धाय मोकलून रडावं, अबोला धरावा, मग चार दिवसांनी विसरावं. तिने तसं केलं नाही. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत राहिली. फक्त त्या दिवसानंतर तिने मला अर्धवट असलेलं काहीही दाखवलं नाही. चित्र काढून पूर्ण झालं की दिसायचं. निबंध बक्षीस मिळाल्यावर कळायचा. दहावीला गणितात अडली तर शेजारच्या दादाकडे गेली, गणिताच्या मास्तराची मुलगी. छिंदवाड्याला शिकायला जायचं की नागपूरला, हे तिने प्रवेश झाल्यावर सांगितलं. पुण्याला नोकरी लागली ती रुजू झाल्याच्या दिवशी कळली. तिथे ती यंत्रांचे भाग आखते, कोणता भाग कशात दुमडून बसेल याचा हिशेब करते म्हणे. हेही मला शोभाकडून समजलं. मागच्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा तिने फोनवर मुलाचं नाव, गाव, तारीख, सगळं एका दमात सांगितलं. मुलगा चांगला आहे. मी काही बोलायला जागाच नव्हती. सगळं टक असा आवाज होऊन बसलेलं होतं.

लोक मला म्हणतात, नशीबवान आहात सर, पोरीने कधी त्रास दिला नाही. खरं आहे. त्रास द्यायला माणूस जवळचं लागतं.

गजू गेल्यापासून दोन दिवस मी दुपारी रोबोट घेऊन बसतो. बाहेर तीच झड. खोक्यातला सूचनांचा कागद घडीवर फाटलाय, पण तीन रूपांचे आकडे वाचता येतात. माणसाचा ट्रक होतो, ट्रकाचं विमान होतं. बैल होत नाही. हात शिंगं होतील म्हणून वर केले तर छाती उघडी पडते. ट्रकाच्या दारांचे कान करून पाहिले. पाय पुढे घेतले तर तो गुडघ्यावर बसलेला माणूस होतो, शरण आल्यासारखा. तेहतीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस मी, नऊ वर्षांच्या पोरीने उंबऱ्यावर बसून आठ दिवसांत सोडवलेलं मला सुटत नाही.

काल शोभाने पाहिलं. गुडघा धरत शेजारी येऊन बसली. मी विचारलं, तू पाहिला होतास ना, कसा दिसायचा? ती म्हणाली, मान खाली घातलेला, जसा खांदेमळणीच्या वेळी उभा राहतो तसा. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या म्हणतात, तेव्हा तो जसा शांत उभा असतो, तसा. वशिंडसुद्धा होतं, कशाचं केलं होतं कोणास ठाऊक. आणि ऋतुजाने झडती केली होती, शोभा म्हणाली. ती तुम्ही ऐकलीच नाही. मग माझी बायको, जी कधी गात नाही, ती भिंतीकडे पाहत हळूच म्हणाली:

"लाकडाचा होता गा, वाळवीनं खाल्ला गा,
ट्रकाच्या पोटातून नवा बैल आला गा..."

पुढचं हर हर महादेव दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.

आज पोळा. सकाळी गल्लीतून बैल गेले; पूर्वी चाळीस जोड्या जायच्या, आता सात गेल्या, मागे ट्रॅक्टर हार घालून. तान्ह्या पोळ्याचा नवा नियम गजूने फलकावर लावलाय: बैल कोणत्याही साहित्याचा चालेल. मी तो फलक चष्मा पुसून दोनदा वाचला.

दुपारी ऋतुजाचा फोन आला. सणाला तिचा फोन येतोच. आईशी बोलून झालं, फोन माझ्याकडे आला. पाऊस आहे का, आहे. जेवलात का, जेवलो. आणि मग मी, इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. म्हणालो, तुझा रोबोट माझ्या मांडीवर आहे, मी दोन दिवस झाले बैल करून पाहतोय, जमत नाही. छातीचं झाकण उघडून डावा पाय दुमडला, तू त्या दिवशी केलं होतंस तेवढं मला आठवतं. त्याच्या पुढे काय?

पुण्यातही पाऊस असावा, तसा आवाज येत होता.

"तुला आठवतं का?" मी विचारलं.

"आठवते ना," ती म्हणाली.

"मग सांग."

"खोक्यावर नाही छापलं, बाबा."

अगदी साधेपणाने म्हणाली. मग आईच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या का विचारलं, पाऊस फार आहे, बाहेर घसरू नका म्हणाली, आणि ठेवते म्हणून फोन ठेवला. पुण्याला गेल्यापासून ती "ठेवते" म्हणते.

शोभा दारात उभी होती. मी दुमडलेला डावा पाय सरळ केला, झाकण मिटलं आणि रोबोटचा ट्रक केला. तेवढं मला येतं.